पिकअपवाल्याची इन्शुरन्स कंपनी आपल्याशी बोलत का नाही?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पाच आठवड्यांपूर्वी तुम्ही कोरेगावहून साताऱ्यामार्गे कराडला निघाला होता. नागठाण्याच्या पुढे डायव्हर्जनला वेग कमी केला आणि मागून क्रेट भरलेला पिकअप धडकला. डिकी, बंपर, मागची काच, दोन्ही टेललॅम्प गेले. गॅरेजचं एस्टिमेट 68,000. मागच्या सीटवरच्या सासूबाईंच्या हासळीच्या हाडाला क्रॅक. पिकअपवाला तिथे हात जोडून म्हणाला, "मॅडम, केस नको, माझ्या फुल इन्शुरन्समधून सगळं करून देतो," आणि आता फोन उचलत नाही. त्याच्या कंपनीच्या टोल फ्रीवर विचारलं तर "तुम्ही आमचे पॉलिसीधारक नाही" असं उत्तर मिळतं. तुमची स्वतःची कंपनी म्हणते आमच्याकडे क्लेम टाका, पण एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, जाईल. शेवटी तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे, की पोलिसांची कटकट नको म्हणून दवाखान्यात सासूबाई "घरी पडल्या" असं सांगितलं. या सगळ्यात मला सर्वात महत्त्वाची तीच ओळ वाटते. तिच्याकडे येतोच.

मी साताऱ्यात 24 वर्षं मोटार सर्व्हेअर, म्हणजे अपघातातल्या गाडीचं नुकसान विम्यासाठी मोजणारा, म्हणून काम करतो. परवाना विमा नियामकाचा असतो, फी मात्र कंपनी देते. ते लक्षात ठेवूनच माझं वाचा. मी वकील नाही, पण दावा न्यायाधिकरणात साक्षीला बऱ्याचदा उभा राहिलो आहे. पत्रा किती वाकला हे मी सांगू शकतो. कागद कुठे वाकतो हेही आता कळायला लागलं आहे.

तुम्ही दोन वेगळे क्लेम एकाच पिशवीत घातले आहेत. एक गाडीचा, दुसरा सासूबाईंच्या हाडाचा. दोन्हींचा रस्ता वेगळा, मुदत वेगळी, हक्कदारही वेगळा. गाडीचा त्रास रोज डोळ्यांसमोर आहे म्हणून तुम्ही पाच आठवडे त्याच्यामागे लागलात. दुसऱ्याच्या कंपनीकडून घेण्यासारखी खरी रक्कम आहे ती हाडाच्या क्लेममध्ये.

आधी कंपनी बोलत का नाही ते. लोकांना वाटतं, त्याचा इन्शुरन्स आहे म्हणजे माझं नुकसान झालं की ती कंपनी मला पैसे देणार. पॉलिसीचा करार त्याचा आणि कंपनीचा असतो. करार असा, की याच्यावर कुणाची भरपाई द्यायची कायदेशीर जबाबदारी आली तर ती कंपनी उचलेल. आता ती जबाबदारी आली आहे, आणि इतक्या रकमेची आली आहे, हे कुणीतरी ठरवायला लागतं. आपल्याकडे ते काम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं. म्हणून टोल फ्रीवरची मुलगी तुम्हाला टोलवत नाही, तिच्या स्क्रीनवर तुमच्यासाठी खिडकीच नाही. याच कारणाने तुम्ही त्या कंपनीविरुद्ध विमा लोकपालाकडे किंवा ग्राहक आयोगात गेलात तरी पहिला प्रश्न येईल, तुम्ही यांचे ग्राहक कुठे? तिथे वेळ घालवू नका.

पिकअपवाला गप्प झाला याचं कारण बेइमानीच असेल असं नाही. मोटार पॉलिसीत एक अट छापलेली असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करायची नाही, पैसे देण्याचं आश्वासनही द्यायचं नाही. रस्त्यात घाबरून माणूस हात जोडतो, संध्याकाळी एजंटला फोन करतो, एजंट म्हणतो "काही बोलू नको, कोर्टातून येऊ दे." झालं, फोन बंद. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. त्याच्याकडून हवे आहेत ते कागद: आरसी, पॉलिसी, चालकाचं लायसन्स. गाडीचा नंबर तुमच्याकडे आहे, त्यावरून परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर इन्शुरन्सची मुदत दिसते. अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती याचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.

पॉलिसीची प्रत मिळाली तर एक आकडा बघा: थर्ड पार्टी, म्हणजे पॉलिसीबाहेरच्या दुसऱ्या कुणाच्या, मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा. पिकअपसारख्या गाडीला ती सहसा साडेसात लाख असते. पण थोडा प्रीमियम वाचवायला काही मालक ती 6,000 वर आणून घेतात. तसं असेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीपैकी त्याची कंपनी 6,000 च देणार, पुढचे मालकाच्या खिशातून काढावे लागतील. माणसाच्या दुखापतीला असली मर्यादा नसते. आणि कुणी सांगितलं की ड्रायव्हरकडे बॅज, म्हणजे व्यावसायिक गाडी चालवायची परवानगी, नव्हती म्हणून क्लेम बसणार नाही, तर ऐकून सोडून द्या. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये पक्कं केलं आहे.

आता गाडी. एनसीबी जाईल म्हणून स्वतःचा क्लेम टाकायचा नाही, हा हिशोब न मांडताच केलेला निर्णय असतो. मांडून बघू.

तुमची गाडी चार वर्षं दोन महिन्यांची, 1200 सीसी, झिरो डेप, म्हणजे पार्टच्या जुनेपणाची कपात (घसारा) न करणारं कव्हर, नाही. एस्टिमेटमधले आकडे तुम्ही दिलेत तेच घेतो. बंपर 9,000 आणि टेललॅम्प 7,000, दोन्ही प्लॅस्टिक, त्यावर घसारा 50 टक्के, म्हणजे 8,000 कापले जातील. डिकीचा दरवाजा 16,000, लोखंड. चार ते पाच वर्षांच्या गाडीला 35 टक्के घसारा, 5,600 गेले. मागची काच 6,000, काचेवर घसारा नाही. डेंटिंगची मजुरी 14,000, मजुरीवरही नाही. पेंटिंग 16,000, त्यातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे 2,000. कपात झाली 15,600. वर सक्तीचा एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही सोसायचा वाटा, 1,000. हातात 51,400, भंगाराचे थोडे इकडेतिकडे. तुमच्या खिशातून 16,600.

एनसीबीचं काय? तुम्हाला सध्या 35 टक्के मिळतात. क्लेम नाही टाकला तर पुढच्या वर्षी 45, मग 50 वर थांबणार. टाकला तर पुढच्या वर्षी शून्य, मग 20, 25, 35, 45, 50. दोन्हींतला फरक वर्षागणिक 45, 30, 25, 15 आणि 5 टक्के. बेरीज 120 टक्के. पण हे टक्के फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर लागतात, थर्ड पार्टीच्या भागावर नाही. तुमचा तो मूळ प्रीमियम 10,000 धरला तर पाच वर्षांत मिळून 12,000 आणि त्यावरचा जीएसटी. गाडी जुनी होईल तशी किंमत उतरते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमीच. म्हणजे पाच वर्षांत विखुरलेले 12,000 वाचवायला तुम्ही आज हातात येणारे 51,400 थांबवून बसला आहात.

हे गणित दर वेळी असंच सुटत नाही. नुसता बंपर खरवडून आठ-दहा हजारांचं काम असतं, आणि एनसीबी 50 टक्के असतो, तेव्हा मी स्वतः लोकांना सांगतो, क्लेम टाकू नका, पोवई नाक्यावर चहा प्या आणि स्वतः करून घ्या. गाडी नवी आणि झिरो डेप असेल तर गणित क्लेमच्या बाजूने आणखी झुकतं. कागदावर दोन बेरजा मांडायच्या, एवढंच.

पाच आठवडे उशीर झाला याची भीती तुम्हाला वाटते. वाटायला हवी, पण घाबरू नका. खरं कारण असेल तर नुसत्या उशिरावरून क्लेम नाकारू नये, असं विमा नियामकाने कंपन्यांना सप्टेंबर 2011 मध्येच कळवलं आहे. तुमचं कारण खरं आहे: समोरच्याने कबूल केलं म्हणून थांबलो. तेच लिहा. मेसेज असतील तर जोडा. सर्व्हे होईपर्यंत गाडीला हात लावू देऊ नका. तुटलेले पार्ट गॅरेजवाल्याने फेकले नाहीत ना, बघा. मला दुरुस्त झालेली गाडी आणि एक फोटो दाखवला की मी काय मोजणार?

क्लेम फॉर्मवर अपघाताचं वर्णन स्वतःच्या हाताने लिहा. गॅरेजमधला पोरगा भरून देतो, तुम्ही सही करता, हे नको. ही पोरं सवयीने "अचानक कुत्रा आडवा आला" असं ठोकून देतात, कारण त्यांच्या मते त्याने क्लेम लवकर पास होतो. अशा कुत्र्यांनी माझ्या फाइलींमध्ये कळप केला आहे. तुमच्या फॉर्मवर कुत्रा आला तर पिकअप गेला. उद्या न्यायाधिकरणात पिकअपची कंपनी तुमचाच फॉर्म काढून दाखवेल. पिकअपचा नंबर, ठिकाण, वेळ आणि "मागून धडक" या चार गोष्टी त्यात असल्याच पाहिजेत. सासूबाई गाडीत होत्या आणि त्यांना लागलं, हेही.

तुमची कंपनी तुम्हाला पैसे देताना एक पत्र सही करून घेते. त्याने पिकअपवाल्याकडून वसुली करण्याचा तुमचा हक्क दिलेल्या रकमेपुरता कंपनीकडे जातो. आता त्याच वेळी तुम्ही पिकअपवाल्याला "आमची काही तक्रार नाही" असं स्टॅम्प पेपरवर लिहून दिलेलं असेल, तर तुमच्या कंपनीचा तो हक्क तुम्ही परस्पर विकला असं होतं, आणि ती तुमचा क्लेम अडवू शकते. अजून काही लिहून दिलं नसेल तर देऊ नका. राहिले तुमच्या खिशातले 16,600. ते पिकअपच्या मालकाकडून मागायचा हक्क तुमचाच आहे. मिळालेली रक्कम परत मागता येत नाही, न मिळालेली मागता येते. तेवढ्यासाठी स्वतंत्र वकील लावून तारखा कराव्यात असं मला वाटत नाही. पण सासूबाईंचा दावा होणारच असेल तर गाडीच्या अर्जाचं त्याच वकिलाला विचारा.

ज्यांच्या गाडीला फक्त थर्ड पार्टी आहे, त्यांना स्वतःच्या कंपनीकडे क्लेम टाकायचा रस्ताच नाही. त्यांनी एकतर मालकाशी बसून रोखीत मिटवायचं, नाहीतर न्यायाधिकरणात जायचं. मालमत्तेचं नुकसान 2,000 च्या वर असेल तर दिवाणी न्यायालयाचाही पर्याय असतो. मिटवायचं असेल तर पैसे हातात आल्यावर सही, आधी नाही. आणि कागदावर "फक्त वाहनाच्या नुकसानीपोटी" हे शब्द घाला, म्हणजे दुखापतीचा हक्क त्यात वाहून जात नाही.

आता ती ओळ.

अपघात झाल्यावर दवाखान्यात "घरात पडले", "जिन्यावरून घसरले" असं सांगणं आपल्याकडे सर्रास चालतं. अपघात म्हटलं की डॉक्टर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करणार, पोलीस येणार, जबाब होणार, म्हातारं माणूस ताटकळणार. तुम्ही सासूबाईंच्या त्रासाचा विचार केलात, समजतं. पण केस पेपरवरची पहिली ओळ, दुखापत कशी झाली ही, या धंद्यात सगळ्यात जड असते. त्या वेळी कुणाच्या डोक्यात भरपाई नसते, म्हणून न्यायाधीश तिला खरी मानतात. कंपनीचा तपास करणारा माणूस सगळ्यात आधी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये जातो, पोलीस ठाण्यात नंतर.

मग आता? पहिलं म्हणजे, जुना कागद बदलून मागू नका. डॉक्टर ओळखीचे असले तरी नाही. कागद बदलला की तुमचं खोटं एकाचं दोन होतं, आणि डॉक्टरही अडकतात. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना खरं सांगा: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, कारच्या मागच्या सीटवर असताना धडक बसली, घाबरून आम्ही चुकीचं सांगितलं. त्यांनी ते त्या दिवसाच्या तारखेने नव्या नोंदीत लिहावं. जुनी नोंद तशीच राहू द्या. एक्स-रेची तारीख तपासा. अपघाताच्या दिवशीची किंवा दुसऱ्या दिवशीची असेल तर ती तुमच्या बाजूने बोलेल. दवाखान्यात उतरताना गाडीचा कुणी फोटो काढला असेल, नणंदेला केलेला मेसेज असेल, त्या दिवशी शाळेत रजा टाकलेली असेल, सगळं गोळा करा. महामार्गावरच्या हॉटेल-पंपांचं सीसीटीव्ही बहुतेक पुसलं गेलं असेल, तरी एकदा विचारून या.

मेडिक्लेम वापरला असेल तर तिथेही "घरी पडल्या" हेच गेलेलं असणार. त्या कंपनीलाही लेखी कळवा. दुसरीकडून त्यांना कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. मेडिक्लेमने बिल भरलं म्हणून अपघाताच्या भरपाईतून ते वजा होईल का, असा प्रश्न लोक विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये सांगितलं आहे की वजा करायचं नाही. मेडिक्लेमचा प्रीमियम तुम्ही वेगळा भरला होता.

पोलिसांकडे अजूनही जा. हद्दीच्या ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि उशिराचं कारण तक्रारीतच लिहा. गुन्हा उशिरा नोंदवला एवढ्यावरून भरपाईचा दावा खोटा मानू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सांगितलेलं आहे. पण उशिराला जोडून खोटी नोंद असली की प्रकरण अवघड होतं, हे मी लपवत नाही. सासूबाईंची साक्ष सरळ असेल तर तरतं. त्यांना पढवून उभं केलं तर उलटतपासणीत पाच मिनिटांत बुडतं. असं बुडालेलं मी बघितलं आहे, आणि दुखणं खरं होतं.

2022 पासून नियम असे आहेत, की अपघाताची खबर मिळाल्यावर पोलिसांनी पहिला अहवाल 48 तासांत, मधला 50 दिवसांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा. कंपनीने नेमलेल्या अधिकाऱ्याने 30 दिवसांत तडजोडीची रक्कम सांगायची. म्हणजे ज्या कंपनीचा फोन तुम्ही पाच आठवडे लावताय, तिला तुमच्याकडे यायला लावणारी सोय कायद्यात आहे. फक्त ती पोलीस ठाण्यातून सुरू होते, टोल फ्रीवरून नाही. कागदावर तारखा इतक्या नेटक्या असतात, प्रत्यक्षात तपासी अंमलदाराच्या मागे चार खेपा घालाव्या लागतील. तोवर पिकअपच्या कंपनीच्या जवळच्या शाखेला तुम्हीच एक साधं पत्र स्पीड पोस्टने पाठवा: गाडी नंबर, तारीख, ठिकाण, कुणाला काय लागलं. उत्तर बहुधा येणार नाही. पावती जपून ठेवा.

दाव्याची मुदत अपघाताच्या तारखेपासून सहा महिने. तुमचा सव्वा महिना गेला. अपघात सातारा तालुक्यात, राहणं कोरेगावात, त्यामुळे सगळं साताऱ्यातच होईल. वकील निवडताना मोटार अपघाताचे दावे नेहमी चालवणारा घ्या. दवाखान्याच्या दारात "क्लेम काढून देतो" म्हणत टक्केवारी मागणारे भेटतात, त्यांना वहाणा दाखवा.

त्या वकिलाला एक गोष्ट विचारायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेले आहेत आणि तिथे चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. हाड मोडणं कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत आहे. क्रॅक म्हणजे मोडणं का, यावर कंपनी वाद घालेल, म्हणून रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट महत्त्वाचा. दुसरा रस्ता कलम 166 चा: चूक सिद्ध करा, खर्च, वेदना, पुढचे उपचार सगळं मागा. कलम 164 ची रक्कम स्वीकारली की 166 चा दावा संपतो. माझ्या अंदाजाने तुमच्या सासूबाईंचं वय आणि दुखापत बघता पहिला रस्ता सोपा पडेल, पण खांदा वर जातो की नाही हे अजून कळायचं आहे. फिजिओथेरपी संपेपर्यंत कुठल्याही "फुल अँड फायनल" वर सही नको.

कंपनी चुकीच्या बाबतीत काय म्हणेल तेही सांगून ठेवतो: "कारने अचानक ब्रेक मारला." मागून ठोकणाऱ्याचीच चूक असते, हे अर्धं खरं आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गावर इशारा न देता अचानक थांबणाऱ्या कारवाल्याला 50 टक्के जबाबदार धरलं. तुमची गोष्ट वेगळी आहे. शेंद्र्यापासून पुढे सहापदरीकरणाच्या कामामुळे डायव्हर्जन होतं आणि तिथे वेग कमी करणं भागच होतं. पण ते डायव्हर्जन तिथे होतं हे दिसायला हवं. ही डायव्हर्जन जागा बदलत राहतात. बोर्ड अजून असेल तर या रविवारीच जाऊन फोटो काढा. सासूबाई प्रवासी होत्या, त्यांच्या भरपाईत या वादाने काही कापलं जात नाही. ब्रेकचा वाद तुमच्या गाडीच्या पैशांपुरता.

कंपनीचा तपास करणारा माणूस घरी येईल. गोड बोलतो, चहा घेतो, "काकी, आता बरं आहे ना?" विचारतो. काकी सवयीने म्हणतात, "हो बाबा, देवाच्या दयेनं ठणठणीत." ते लिहिलं जातं. त्याला हाकलू नका, खोटंही सांगू नका. कागदपत्रं बघायची असतील तर वकिलामार्फत बघा म्हणा, आणि जे लिहिलं ते वाचून, प्रत घेतल्याशिवाय सही करू नका. दावा उभा राहिला की लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव येऊ शकतो. कंपनीचे अधिकारी तिथे मिटवायला तयार असतात. आकडा पटला तर घ्या, दोन वर्षांच्या तारखा वाचतात.

तर उद्या सकाळी स्वतःच्या कंपनीला कळवा, त्याच दिवशी पोलीस ठाणं, पुढच्या तपासणीला डॉक्टर, पंधरा दिवसांत वकील. पिकअपवाल्याला शेवटचा एक मेसेज टाका, भांडणाचा नाही: "आम्ही आमच्या इन्शुरन्समधून गाडी करून घेतोय, पोलिसांत नोंद करतोय, तुमच्या पॉलिसीची प्रत पाठवा." केस होणार म्हटल्यावर बरेच जण प्रत पाठवतात, कारण आता त्यांनाही कंपनी सोबत हवी असते.

थोडं विषयांतर, कारण आता हंगाम येतोय. उसाच्या ट्रॅक्टरने ठोकलं तर ट्रॅक्टरबरोबर मागच्या दोन्ही ट्रॉल्यांचे नंबरही टिपा. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा बघितला जातो, आणि नेमकी ट्रॉलीच बिनविम्याची निघते. बैलगाडीला तर विमाच नसतो. तिथे फक्त तुमची स्वतःची पॉलिसी.

आणि ताई, डिकी दोरीने बांधून गाडी शाळेला नेतेय असं लिहिलं आहे. मागचे दोन्ही दिवे नाहीत. संध्याकाळी त्या अवस्थेत कुणी पुन्हा मागून आलं, तर त्या अपघातात चूक पिकअपवाल्याची नसेल. सर्व्हे होईपर्यंत एसटीने जा.